होम्सच्या दारी ड्रॅक्युला

शेरलॉक होम्स आणि काउंट ड्रॅक्युला ह्या दोघांची गाठ घालून देण्याचा मोह पाश्चात्त्य कथाकारांस वारंवार पडत आला आहे. १९७८ ह्या एकाच वर्षी लॉरेन एस्टलमन आणि फ्रेड सेबरहेगन ह्या दोघा अमेरिकन लेखकांनी ह्या विषयावर एकेक कादंबरी प्रसिद्ध केली. पुढे हा विषय गद्यातून चित्रांत उतरला, आणि ज्यांस हल्ली ग्राफिक नॉव्हेल अथवा चित्रकादंबरी म्हणतात त्या ग्रंथप्रकारात त्याने चांगलेच बस्तान बसविले. मराठी वाचकास ह्या परक्या खटाटोपाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. आम्हीही तसेच विचारले असते. परंतु ह्या जातीची दोन पुस्तके आमच्याच वर्गातील एका विद्यार्थ्याच्या पिशवीतून बाहेर पडली, आणि ती वाचल्यावर जे विचार मनात आले ते वाचकांपुढे ठेवल्यावाचून राहवले नाही.

हा विद्यार्थी सकाळी आमच्या राजगुरुनगरात कॉलेजात इंग्रजी वाङ्मय शिकतो आणि दुपारपाळीस चाकणच्या एका गोदामात मालाच्या आवक-जावकेची नोंद ठेवतो. त्याच्या वयाची बरीच मुले असेच दुहेरी आयुष्य काढीत असतात. जाता-येता बसमध्ये वाचावयास ही पुस्तके बरी पडतात, असे त्याने काहीसे ओशाळून सांगितले. ओशाळण्याचे वास्तविक काहीच कारण नव्हते. चित्रे पाहत गोष्ट ऐकणे हा बालिशपणा आहे, ही समजूत आपल्याकडे शाळामास्तरांनी रूढ केली. कुडाळाजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी कागदावरील चित्रांची पोथी पुढे धरून रामायण-महाभारताची आख्याने पिढ्यान् पिढ्या सांगत आले, आणि त्यांचे श्रोते काही सारेच बालक नव्हते. तेव्हा चित्रकादंबरी ह्या प्रकाराविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती निराळ्याच गोष्टीविषयी.

प्रथम ती दोन पुस्तके. पहिले ‘स्कार्लेट इन गॅसलाइट’. लेखक मार्टिन पॉवेल, चित्रकार सेप्पो माकिनेन. हे अमेरिकेत १९८७-८८ मध्ये चार अंकांत, काळ्या-पांढऱ्या चित्रांत निघाले. ह्यात होम्सचा जुना वैरी प्रोफेसर मोरियार्टी हा ड्रॅक्युलाशी संधान बांधतो. दुसरे सिल्व्हँ कॉर्द्युरिये ह्या फ्रेंच लेखकाचे. त्याची चित्रे लात्सी ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सर्बियन चित्रकाराची आहेत. २०१० साली ते फ्रेंचमध्ये दोन भागांत निघाले आणि २०१४ साली इंग्रजीत आले. लंडनच्या व्हँपायरांची ही कथा. राइशेनबाखच्या धबधब्यात होम्स बुडाला असे जग समजत असताना लंडनमधील व्हँपायरांचा समाज त्यास हुडकून काढतो आणि आपल्यातील एका बंडखोरास शोधून देण्याची सक्ती त्याजवर करितो. दोहोंत हे दुसरे पुस्तक आम्हांस सरस वाटले. कारण येथे पिशाचांनाही आपापसांतले कायदे आहेत, तंटे आहेत, आणि त्यामुळे गुप्तहेरास निदान थोडेसे तरी काम उरले आहे. पहिल्या पुस्तकात कारस्थानाचा धूर फार आणि तर्काचा विस्तव थोडा. मात्र धुके, गॅसचे दिवे आणि ओले फरसबंद रस्ते ह्यांचे जे लंडन अशा पुस्तकांत दिसते, त्याची मोहिनी आम्हीही नाकारीत नाही.

ह्या दोन पुरुषांची गाठ घालावी असे कोणासही का वाटावे, हे समजण्यास फारसे सायास पडत नाहीत. होम्स छापील जगात अवतरला १८८७ साली, ड्रॅक्युला १८९७ साली. शहर एकच, धुके एकच, आणि निर्मातेही एकमेकांस ओळखणारे. ‘ड्रॅक्युला’ वाचून कॉनन डॉइलने ब्रॅम स्टोकरास मुद्दाम अभिनंदनाचे पत्र लिहिले होते. पण ह्याहून खोल असे एक कारण आहे, आणि चित्रकादंबरीकारांचे नेमके त्याकडेच दुर्लक्ष झाले आहे असे आमचे मत आहे. ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी मुळातच तपासाची कादंबरी आहे. तीत निवेदक असा कोणी नाही; रोजनिशी, पत्रे, तारा, वर्तमानपत्रातील कात्रणे आणि फोनोग्राफवर बोलून ठेवलेल्या नोंदी ह्यांचीच ती बनली आहे. मीना हार्कर ही बाई हे सारे कागद टंकलेखन यंत्रावर उतरवून तारीखवार लावते आणि त्या लावण्यातूनच शत्रूचा माग लागतो.

त्यातही खोक्यांचा हिशेब पाहा. ड्रॅक्युलास आपल्या मायभूमीच्या मातीवाचून विसावा मिळत नाही, म्हणून तो मातीची ५० खोकी जहाजाने इंग्लंडात आणतो. जोनाथन हार्कर जहाजाचे कागद, रेल्वेच्या पावत्या आणि हमालांच्या साक्षी तपासून त्या प्रत्येक खोक्याचा ठावठिकाणा लावतो. पन्नासांपैकी २९ मूळ घरात सापडतात. उरलेल्या २१ पैकी सहा मैल एंडकडे गेली, सहा बर्माँडसीकडे, नऊ पिकॅडिलीच्या एका घरात. त्या घरात जाऊन मोजतात तो आठच! एका खोक्याचा मेळ बसत नाही, आणि त्या एका खोक्यापायी पुढली सारी धावपळ. आमचा विद्यार्थी हा भाग वाचून म्हणाला, “सर, हा तर आमच्या गोदामातला स्टॉक टॅली! एक पेटी कमी आली की सुपरवायझर रात्रभर घरी सोडीत नाही.” ह्या कादंबरीवर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे, परंतु तिच्या भयाचा उगम इतक्या नेमकेपणाने दाखविणारे वाक्य आमच्या तरी वाचनात आले नव्हते. भय दातांत नाही. ते त्या न जमणाऱ्या बेरजेत आहे.

चित्रकादंबरीत ही बेरीज नाहीशी होते. पावती चित्रात काढली तर ती केवळ पावती दिसते. सुळे काढले तर वाचक पान उलटतो. म्हणून चित्रकार सुळे काढतो. गद्यात जे दीडशे पृष्ठे दाराबाहेर घुटमळते ते येथे पहिल्याच काही पानांत पूर्ण आकारात समोर उभे राहते, आणि मग पाहावयाचे उरते ते एवढेच, की त्यास मारणार कोण आणि कशाने. होम्सच्या हातातील भिंग गळून पडते, तलवार येते. ह्यास गुप्तहेरकथेचा आणि भयकथेचा संगम म्हणावयाचे असेल तर म्हणावे. आम्हांस तो दोहोंचा ऱ्हास वाटतो.

येथवर जे लिहिले तो कलेचा दोष झाला, आणि तो सुधारता येण्याजोगा आहे. पण ह्या मिश्रणात एक दुसरी गोष्ट आहे, आणि ती कलेपुरती राहत नाही. ती ध्यानात येण्यासाठी खुद्द डॉइलने हा विषय कसा हाताळला ते पाहिले पाहिजे. कारण होम्सच्या दारी व्हँपायर आणण्याचा पहिला मान चित्रकादंबरीकारांचा नव्हे, त्याचाच. १९२४ साली त्याने ससेक्समधील व्हँपायरची कथा लिहिली. फर्ग्युसन नावाच्या चहाच्या दलालाने दुसरे लग्न केले आहे. नवी बायको दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाची. रूपवान, प्रेमळ, पण परक्या रक्ताची आणि परक्या धर्मपंथाची. तिला तान्हे मूल आहे. पहिल्या बायकोचा पंधरा वर्षांचा मुलगाही घरात आहे. लहानपणी पडून तो अधू झालेला. ही बाई आपल्याच तान्ह्या मुलाच्या मानेतून रक्त शोषताना दाईस दिसते. मग नवराही आपल्या डोळ्यांनी पाहतो, तिचे ओठ रक्ताने माखलेले. ती एक शब्द बोलत नाही. खोलीत जाऊन दार लावून घेते. नवरा होम्सला पत्र लिहितो.

होम्स भूतपिशाचाची गोष्ट क्षणभरही दाराआत घेत नाही. भिंतीवर दक्षिण अमेरिकेतील शस्त्रे टांगलेली. त्यांत एक लहानसा भाता, आणि तो रिकामा. घरातील कुत्र्याचे मागले पाय एका रात्रीत लुळे पडलेले. बाप तान्ह्या मुलास मांडीवर घेऊन गोंजारीत असता थोरला मुलगा त्याकडे पाहतो आहे, आणि होम्स खिडकीच्या काचेत त्या मुलाच्या चेहऱ्याचे प्रतिबिंब न्याहाळतो आहे. एवढ्याने त्यास सारे कळते. मत्सराने जळणाऱ्या थोरल्याने विषारी बाण तान्ह्यास टोचला होता, आणि आई ते विष तोंडाने शोषून बाहेर काढीत होती. ती गप्प राहिली, कारण खरे सांगावे तर नवऱ्याचे काळीज त्या थोरल्यावर जडलेले; ते फुटेल, ह्याची तिला भीती.

ज्या घरात सावत्र आई आहे त्या घरात प्रत्येक दुखण्याचे खापर कोणावर फुटते, हे मराठी वाचकास सांगावयास नको. डॉइलने हे जाणून गोष्ट रचली. व्हँपायर हा शब्द त्या घरात आभाळातून पडलेला नाही. परक्या बाईस लावण्यासाठी तो जणू तयारच होता. होम्स जेव्हा पिशाचाचे अस्तित्व नाकारतो तेव्हा तो केवळ शास्त्राची बाजू घेत नाही. तो एका निरपराध बाईस बंद खोलीतून बाहेर काढतो. आता हीच कथा आजच्या चित्रकादंबरीच्या रीतीने सांगून पाहा. व्हँपायर खरा आहे असे एकदा धरले की दाई खरी ठरते, नवऱ्याचा संशय खरा ठरतो, आणि तिच्या ओठांवरचे रक्त म्हणजेच पुरावा होतो. पिशाच खरे ठरले की बोट दाखविणारा प्रत्येक माणूस खरा ठरतो. होम्सला मग पुढे होऊन सुळा ठोकण्यावाचून करण्यासारखे काही राहत नाही.

लंडन-पॅरिसच्या वाचकास हे कदाचित नुसत्या कल्पनेच्या खेळाइतकेच वाटत असेल. डाकीण ठरवून बाईस छळण्याचे प्रकार आपल्याकडे, नंदुरबारच्या बाजूस विशेषत्वाने, आमच्या हयातीत घडत आले आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर ह्यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, आणि ज्या कायद्यासाठी ते इतकी वर्षे झटले तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षाच्या डिसेंबरात विधिमंडळात संमत झाला. एखाद्या व्यक्तीस करणी करणारी म्हणून बदनाम करणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. ज्या प्रांतात असा कायदा करावा लागतो तेथे “पिशाच खरे होते” हा कथेचा शेवट इतर ठिकाणांइतका निरुपद्रवी नसतो. ह्यावर कोणी म्हणेल, की प्रोफेसरसाहेबांस आता पुस्तकांवर बंदी हवी आहे. मुळीच नको. त्या दोन पुस्तकांनी आमच्या विद्यार्थ्याचा बुद्धिभ्रंश केलेला नाही, हे खोक्यांच्या त्याच्या उद्गारावरून उघडच आहे. आमचे म्हणणे एवढेच, की होम्सचे नाव ज्याने वापरावयाचे त्याने होम्सची जबाबदारीही पत्करली पाहिजे.

नारायण धारपांचे उदाहरण ह्या जागी घेण्यासारखे आहे. आमच्या लहानपणी गावोगावच्या वाचनालयांत बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार आणि धारपांचे समर्थ एकाच कपाटात, पण निरनिराळ्या फळ्यांवर असत. दोन्हींच्या पाठी सारख्याच झिजलेल्या. धारपांची ‘लुचाई’ ही स्टीफन किंगच्या १९७५ सालच्या व्हँपायर-कादंबरीवरून रचलेली, आणि ती कादंबरी पुन्हा ‘ड्रॅक्युला’चीच नात, तेव्हा स्टोकरचा सरदार मराठीत आला तो असा अमेरिकेचा वळसा घेऊन. धारपांवर उसनवारीचा आक्षेप घेणारे घेतात, आणि तो अगदीच निराधार नाही. पण त्यांनी एक प्रामाणिकपणा पाळला. अमानवी शक्तींशी झुंजण्यासाठी त्यांनी कोणा तर्कनिष्ठ गुप्तहेरास वेठीस धरले नाही. त्यांनी त्यासाठी समर्थ हा आपला स्वतंत्र नायक उभा केला आणि त्या जगाचे नियम वाचकास आरंभीच कळू दिले. तेथे वाचक फसत नाही. आपण कोठे पाऊल ठेवतो आहो हे त्यास ठाऊक असते.

मग पिशाच आणि तर्क ह्यांचा खरा संगम होणेच नाही काय? आम्हांस वाटते, तो फार पूर्वी होऊन चुकला आहे, आणि तोही आपल्या घरात. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने कथासरित्सागरात वेताळाच्या पंचवीस कथा गुंफल्या. एकोणिसाव्या शतकात सदाशिव काशीनाथ छत्रे ह्यांनी वेताळपंचविशी मराठीत आणली. १८७० साली रिचर्ड बर्टन ह्याने त्यांतील काही कथा इंग्रजीत सांगितल्या आणि पुस्तकाच्या नावात वेताळास व्हँपायर म्हटले. (ह्या बर्टनला स्टोकर ओळखत असे. १९०६ साली लिहिलेल्या आठवणींत त्याने बर्टनच्या सुळ्याचे जे वर्णन केले आहे ते वाचून मनुष्य चपापतो.) वास्तविक हे नाव वेताळास शोभत नाही. आपला वेताळ रक्त पीत नाही. पुण्याच्या वेताळ टेकडीवर त्याचे देऊळ आहे, कोकणात आणि गोव्यात तर तो गावाची राखण करणारा देव आहे. इंद्रजाल कॉमिक्सवाल्यांनी ली फॉकच्या फँटमला वेताळ हे नाव दिले तेव्हा त्यांस ह्या राखणदारीची आठवण असावी, निदान नाव शोभून दिसले खरे. मूळचा चित्रांतला वेताळ म्हणजे चांदोबातला, शंकर ह्या चित्रकाराने काढलेला. हातात तलवार घेतलेला राजा, खांद्यावर प्रेत, आणि त्या प्रेतातून बोलणारा तो पांढरट जीव! चांदोबातील गोष्टी बहुतेक नव्याने रचलेल्या असत, पण चौकट तीच. प्रेतातले भूत कोडे घालते, राजा तर्काने सोडवितो, आणि उत्तर बरोबर आले की भूत पुन्हा झाडावर! बरोबर उत्तराची एवढी शिक्षा होम्सला कोणी कधी दिली नाही.

पंचविशीतील एक कथा तर ससेक्सच्या कथेशेजारी ठेवून वाचावी. हरिस्वामी नावाचा भुकेला ब्राह्मण एका दारी येतो. घरची बाई त्यास भांडेभर खीर देते. तो ती घेऊन तळ्याकाठच्या वडाखाली जातो आणि भांडे ठेवून हातपाय धुण्यास तळ्यावर उतरतो. इतक्यात एक घार चोचीत-नखांत काळा साप धरून त्या वडावर येऊन बसते आणि सापाच्या तोंडातील विष खाली भांड्यात ठिबकते. हरिस्वामी परत येऊन खीर खातो, तडफडत त्या बाईच्या दारी जातो, तुझ्या अन्नाने मला मारले असे म्हणतो आणि प्राण सोडतो. बाईचा नवरा तिला ब्रह्महत्यारी ठरवून घराबाहेर काढतो. वेताळ विचारतो, पाप कोणाचे? राजा एकेकास तपासतो. साप परस्वाधीन, घार आपले भक्ष्य खाणारी, जोडप्याने भुकेल्यास धर्मबुद्धीने अन्न दिले. ह्यांत कोणाचेच पाप नाही. विचार न करिता ह्यांपैकी एखाद्यावर जो पाप लादील, दोषी तो.

नऊशे वर्षांपूर्वीचा हा निवाडा! येथे भूत खरे आहे, चांगले बोलके आहे. तरीही ते कोणावर बोट दाखवीत नाही, उलट बोट दाखविणारासच आरोपीच्या जागी उभे करविते. आणि चौकटीचा शेवट तर ह्याहून विलक्षण. राजाकडून प्रेत आणविणारा तो साधू राजाचाच बळी देण्याच्या बेतात आहे, हे शेवटी राजास कोण सांगतो? वेताळ. नरबळी देणाऱ्या भोंदूस उघडा पाडणारा गुप्तहेर ह्या ग्रंथात पिशाचच आहे. पॉवेल आणि कॉर्द्युरिये ह्यांस हा ग्रंथ हाती लागता तर त्यांनी होम्सला एवढे धावडविले नसते.

आता चित्रकादंबरीकडे पुन्हा वळतो. कारण हरिस्वामीच्या कथेत आम्हांस तिची खरी जागा दिसते. विषाचा तो थेंब कथेतील एकाही माणसाने पाहिलेला नाही. गद्यात तो सांगावा लागतो, आणि सांगितला की निवेदक मध्ये येतो. चित्रकार मात्र एक शब्द न लिहिता तो दाखवू शकतो: फांदी, घार, लोंबणारे सापाचे तोंड, खाली पांढरे भांडे. मग पुढल्या पानांवर जेव्हा सारे गाव त्या बाईकडे बोट दाखवील तेव्हा खरे काय घडले हे जाणणारा साक्षीदार एकटा वाचक असेल, आणि त्यास ओरडून सांगता येणार नाही. खोक्यांच्या बेरजेइतकेच हे भयंकर आहे, आणि त्यात एकही सुळा नाही.

आमच्या विद्यार्थ्यास चित्रकलेचा थोडा नाद आहे असे पुढे कळले. ही कथा त्यास सांगितली तेव्हा तो काही बोलला नाही. मात्र चार दिवसांनी वहीच्या मागील पानावर काढलेले एक चित्र त्याने आणून दाखविले. वड चांगला उतरला आहे. घार काहीशी गिधाडासारखी झाली आहे, ते त्यासही मान्य आहे. बाईच्या घराचे दार मात्र त्याने अजून कोरेच ठेवले आहे; तिला आत उभी दाखवावी की बाहेर, हे त्याचे ठरत नाही.